दुसरं वाक्य

इरा आणि अन्वय,

परवा व्हिडिओवर अन्वयने विचारलं, "आजी, शाळेत सकाळी सगळे झेंड्याकडे बघून शपथ म्हणतात, तेव्हा मी नुसता गप्प उभा राहिलो तर चालेल?" मी घाईत म्हणाले, "मोठ्या माणसांना विचार." फोन ठेवल्यावर लक्षात आलं की त्याने मोठ्या माणसालाच विचारलं होतं. म्हणून रोज दुपारी साडेतीन ते पाच, अशी वेळ ठरवून हे लिहिलं. उत्तर सरळ देता येत नाही. मी एका बाईंबद्दल सांगते. गप्प उभं राहणं काय असतं, हे मी त्यांच्याकडून पाहिलं, आणि त्याची भरपाई त्यांनी कशी केली तेही.

त्यांचं नाव मार्था साळवे. तुमच्या आजोबांच्या गावात, तिसगावच्या अलीकडे, जिल्हा परिषदेच्या शाळेत त्या चौथीला शिकवायच्या. आजकाल सगळ्याच शिक्षिका मॅडम झाल्या आहेत. गावात मॅडम म्हणायचे ते मला, कारण मी नगरच्या हायस्कुलात तीस वर्षं इंग्रजी शिकवून आले होते. (जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर आहे, पण माझ्या हाताला नगरच लिहायची सवय आहे.) साळवे बाई मात्र बाईच राहिल्या. ठेंगण्या, रुंद, जाड भिंगांचा चष्मा, पदराच्या टोकाला कायम खडूची भुकटी. खांद्याला खाकी कापडाची पिशवी. ती त्यांनी स्वतः शिवलेली होती आणि तिला चार खण होते. कोणत्या खणात काय, हे ठरलेलं. मला टापटिपीची आवड, त्यामुळे आमची ओळख त्या पिशवीवरूनच झाली.

आपलं घर शाळेसमोर. सकाळी मी गॅलरीत चहा घेते आणि समोर परिपाठ सुरू होतो. राष्ट्रगीत, मग प्रतिज्ञा. तुमची शपथ एका वाक्याची असेल. आमची सात-आठ वाक्यांची आहे आणि प्रत्येक पाठ्यपुस्तकात सुरुवातीला छापलेली असते. उजवा हात पुढे करून म्हणायची. भारत माझा देश आहे, इथून सुरुवात. दुसऱ्या वाक्यात सगळे भारतीय माझे बांधव, असं आहे. पुढे देशावरचं प्रेम, परंपरा, आईवडील-गुरुजनांचा मान, सगळ्यांशी सौजन्य, निष्ठा.

गावात राहायला आले त्या पहिल्याच आठवड्यात मला ऐकू आलं की चौथीच्या रांगेत आवाज मध्येच कमी-जास्त होतो. एका वाक्याला सोळा-सतरा आवाज, पुढच्याला दहा-बारा, परत सगळे. मला वाटलं, पाठांतर कच्चं आहे. तीस वर्षं शिक्षिका राहिलेल्या बाईला असं काही कळल्यावर गप्प बसवत नाही. मी रस्ता ओलांडून गेले आणि सांगितलं, "बाई, तुमच्या वर्गाला प्रतिज्ञा नीट येत नाही."

त्या चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाल्या, "येते, ताई. सगळ्यांना सगळी येते. पण काल जे वाक्य मोडलं, ते आज म्हणायचं नाही. आमच्या वर्गाचा तसा नेम आहे."

"कोणी कुठलं मोडलं, हे तुम्ही ठरवता?"

"मी कशी ठरवणार? ज्याचं त्याला माहीत. कुणी कुणाला विचारायचं नाही, घरी सांगायचं नाही. आणि ज्याचं मोडलं, त्याच्याकडून परत आणायचं. परत मिळालं की म्हणायचं."

"आणि पोरं खोटं बोलली तर?"

"बोलतात की. जूनमध्ये सगळेच सगळी म्हणतात. दिवाळीनंतर हळूहळू खरी व्हायला लागतात."

हा नेम त्यांना स्वतःलाही लागू होता. एकदा तीन दिवस त्या सौजन्याच्या वाक्याला गप्प होत्या. चौथ्या दिवशी मी विचारलंच, नेम मोडून. तर पाथर्डीच्या गाडीत सुट्ट्या पैशांवरून त्या कंडक्टरला फार बोलल्या होत्या, आणि त्या कंडक्टरची ड्युटी बदलली होती. मग रविवारी स्टँडवर दोन तास बसून त्यांनी त्याला गाठलं. तो बिचारा घाबरला. त्याला वाटलं, बाई तक्रार घेऊन आल्या. "माफी मागायला आले म्हटलं, तर म्हणतो कसा, बाई, आमाला रोज पन्नास जन बोलत्यात, तुमी कोन त्येच मला आठवंना!" हे सांगताना त्या डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. "पण वाक्य मिळालं, ताई. म्हणाला, जावा, मिटलं."

मला हे सगळं गोड वाटायचं. त्यात धोका आहे हे मात्र माझ्या लक्षात आलं नाही.

मग एका जूनमध्ये चौथीत काजल नावाची मुलगी आली. गावाबाहेर माळावर पारध्यांची चार-पाच पालं आहेत, तिथली. पालं म्हणजे ताडपत्रीच्या झोपड्या. इंग्रजांनी कायदा करून या लोकांना जन्मापासूनच गुन्हेगार ठरवलं होतं. तो कायदा गेला, पण गावात काही हरवलं की अजून पहिली नजर माळाकडे जाते. काजलला शाळेत आणायला साळवे बाई सबंध मे महिना उन्हात माळावर जात होत्या. तिची आई म्हणायची, "साळंत काय गेलं तर आमच्याच पोरीचं नाव यील, बाई." बाईंनी शब्द दिला होता, "माझ्या वर्गात येणार नाही."

चौदा ऑगस्टच्या दुपारी उद्याच्या झेंडावंदनाची तयारी चालली होती. उपसरपंच भाऊसाहेबांची नात श्रावणी त्याच वर्गात होती. तिला पुण्याच्या मामाने नवा कंपास दिला होता, आणि तो सापडेना. श्रावणी रडायला लागली. वर्गातून एक आवाज आला, "काजलच्या दप्तरात बघा." मग सगळा वर्ग तेच म्हणायला लागला. लाऊडस्पीकरवाला बाहेर ओरडत होता, मुख्याध्यापक हाका मारत होते. बाई म्हणायला गेल्या की सगळ्यांचीच दप्तरं बघू. पण तेवढ्यात काजलनेच आपलं दप्तर पुढे केलं. कुणी मागितलं नव्हतं. तिला ती सवय होती.

आणि बाईंनी ते उघडलं.

एक वही, अर्धी पेन्सिल, फुटाण्यांची पुडी, आणि घडी घातलेला कागदी झेंडा. बस.

पाच वाजता मुलं गेल्यावर ध्वजस्तंभाच्या ओट्यावर, रांगोळीच्या पिशवीखाली बाईंना कंपास सापडला. श्रावणीनेच त्या कंपासने ओट्यावर वीतभर अशोकचक्र आखलं होतं आणि तिथेच विसरली होती. बाईंनी ठरवलं, सकाळी झेंडावंदन झालं की सगळ्या वर्गासमोर काजलची माफी मागायची. त्या नेहमी म्हणत, माफीला एक रात्र मध्ये जाऊ देऊ नये. त्या दिवशी त्यांनी जाऊ दिली.

सकाळी श्रावणीला कंपास ओट्यावरच दिला, तेव्हा वर्गाला कळलं. गावकरी जमले होते, खुर्च्या भरल्या होत्या. चौथीच्या अठरा मुलांनी माईकपुढे उभं राहून प्रतिज्ञा सांगायची आणि बाकी शाळेने मागून म्हणायची, असं ठरलं होतं. मी पहिल्या रांगेत होते. अठरा हात पुढे झाले. पहिलं वाक्य खणखणीत झालं. दिवाळी अजून लांब होती, तरी दुसऱ्या वाक्याला सतरा मुलं गप्प राहिली. माईकवरून एकच बारीक आवाज आला. काजलचा. तिने ते वाक्य मोडलं नव्हतं, म्हणून ती म्हणाली. अर्ध्यात तिला कळलं की आपण एकट्याच आहोत, तरी तिने ते संपवलं. बाईंकडे पाहिलं तर त्यांचेही ओठ मिटलेले.

लोक उठले. "ए, म्हना की!" "कुनी शिकिवलं ह्ये?" मागून कुणीतरी शिट्टी मारली. काजल तिथूनच पळाली, माळाच्या दिशेने. संध्याकाळपर्यंत गावातल्या प्रत्येक मोबाईलवर तो व्हिडिओ होता. वर लिहिलेलं, बाईंनी पोरांना प्रतिज्ञा म्हणू दिली नाही.

चार दिवसांनी शाळेत बैठक ठरली. मी शाळा समितीत होते आणि माझं अक्षर चांगलं, म्हणून इतिवृत्त माझ्याकडे. आदल्या दिवशी बाई घरी आल्या. कंपासाची हकीकत मला त्यांनी तेव्हा सांगितली. मी म्हणाले, "मग हेच उद्या सांगा! पाच मिनिटांत संपेल."

"सांगू शकत नाही, ताई. सांगितलं तर गावात दोनच शब्द उरतील, काजल आणि चोरी. कंपास सापडला हे कुणी ध्यानात ठेवणार नाही. पुढच्या वेळी काही हरवलं की म्हणतील, शाळेतबी झालंच हुतं की. आणि पालं उठवायला कारण हवंच आहे लोकांना." मग माझ्याकडे रोखून म्हणाल्या, "तुम्हीही सांगायचं नाही. मला शब्द द्या."

मी दिला. फार नाखुशीने. तो गावापुरता होता, म्हणून तुम्हाला सांगता येतंय.

बैठकीला वर्गखोली गच्च भरली होती. तालुक्याहून विस्तार अधिकारी आले होते, तरुण, सारखं घड्याळ बघणारे. भाऊसाहेब समोर बसले. वाईट माणूस नव्हे. शाळेचं छत त्यांनीच पाठपुरावा करून घालून घेतलं होतं. म्हणूनच त्यांना जास्त लागलं होतं.

"बाई, आमी अडानी मानसं," त्यांनी सुरुवात केली. "पन प्रतिज्ञा आमालाबी पाठ हाय. दुसरं वाक्य का गाळलं?"

"गाळलं नाही. मुलं गप्प राहिली."

"कुनी सांगितलं गप ऱ्हायला?"

"कुणी नाही. त्यांची त्यांनी."

"नऊ वर्साची पोरं आपली आपन गप बसत्यात व्हय? माजी नात घरात एक मिंट गप बसत न्हाई!"

लोक हसले. हसू संपायच्या आत मागून कुणीतरी बोललं, "त्यांची प्रार्थना येगळी असती. त्यांना काय ईचारता?"

बाईंचे आजोबा-पणजोबा याच भागात मिशनच्या शाळांतून शिकवत आले. त्या ख्रिस्ती आहेत हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि आजवर कुणी त्याचा उच्चार केला नव्हता. बाई मागे वळल्या.

"माझी प्रार्थना वेगळी आहे, खरं आहे," त्या म्हणाल्या. "प्रतिज्ञा तीच आहे, जी तुम्ही याच शाळेत शिकलात. मीच शिकवली."

बोलणाऱ्या विशीतल्या पोराने मान खाली घातली. मला वाटलं, निभावलं. भाऊसाहेबांनाही प्रकरण वाढवायचं नव्हतं. त्यांनी हात वर केला. "बास. बाई, तुमी आमच्याम्होरं प्रतिज्ञा म्हना. पुरी. कुनी काय शिकिवलं न् काय न्हाई, समदं तिथंच मिटलं."

विस्तार अधिकाऱ्यांचा चेहरा उजळला. "हो, मॅडम. म्हणा. मी तसं लिहून टाकतो, विषय बंद."

सात-आठ वाक्यं. दीड मिनिटाचं काम. बाईंच्या निवृत्तीला सव्वा वर्ष उरलं होतं, आणि दारातून दिसणारी ती चौथीची खोली त्यांनी अकरा वर्षं सांभाळली होती. माझं पेन कागदावर टेकलेलं. मी मनात म्हणत होते, म्हणा हो बाई. आज एकदा खोटं म्हणा.

त्या उठल्या. पदर नीट केला, उजवा हात पुढे केला. पहिलं वाक्य म्हणाल्या, स्पष्ट, वर्गात म्हणतात तसं. मग थांबल्या.

दुसरं वाक्य म्हणायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्याच त्या थांबल्या असतील. पंख्याची कुरकुर ऐकू येत होती. भाऊसाहेब पुढे झुकले, त्यांचे ओठ हलले, जणू विसरलेल्या पोराला पहिला शब्द सुचवावा तसे. बाईंचा हात खाली आला नाही. मग त्यांनी तिसरं वाक्य सुरू केलं आणि शेवटपर्यंत सगळी प्रतिज्ञा म्हटली.

"बगा! बगा!" मागे आरडाओरडा झाला. भाऊसाहेब लाल झाले होते. "बाई, मी तुमाला वाट करून दिली, न् तुमी..."

"भाऊसाहेब, ते वाक्य माझ्याकडून मोडलं. अजून परत मिळालं नाही. मिळालं की तुमच्या दारात येऊन म्हणेन."

"कुनाकडून मिळनार?"

"ते सांगणार नाही."

मी तोंड उघडलं. बाईंनी फक्त माझ्याकडे पाहिलं. मी परत मिटलं आणि कागदावर लिहिलं: 'श्रीमती साळवे यांनी प्रतिज्ञेतील दुसरे वाक्य म्हटले नाही.' सुवाच्य अक्षरात, एकही खाडाखोड न करता. त्या वाक्यात खोटं काही नव्हतं, आणि तसं निर्जीव वाक्य मी आयुष्यात दुसरं लिहिलेलं नाही.

शुक्रवारी कागद आला. चौकशी होईपर्यंत कर्जत तालुक्यातल्या एका शाळेवर प्रतिनियुक्ती, सोमवारी हजर व्हावे. दुपारी बाई आल्या. "ताई, माळावर येता? मला एकटीला जायची हिंमत होत नाही." हिंमत हा शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला.

काजलची आई पालाबाहेर चुलीपाशी होती. आम्हाला बघून उठली नाही. "आमची पोर चोर न्हाई," एवढंच म्हणाली.

"नाही. चूक माझी आहे," बाई म्हणाल्या, आणि मातीत बसल्या. गुडघे दुखायचे त्यांचे, बसायला वेळ लागला. काजल ताडपत्रीच्या आडून बघत होती. बाईंनी खांद्यावरची खाकी पिशवी काढून तिच्यापुढे ठेवली.

"काजल, मी तुझं दप्तर सगळ्यांसमोर उघडलं. आता तू माझं उघड. तुझ्या सगळ्या माणसांसमोर."

पालावरची पोरं, बाया, एक म्हातारा, सगळे जमले. काजल आईकडे बघायला लागली. आईने हनुवटीने खूण केली. काजलने एकेक वस्तू काढून ओळीने मांडली. चष्म्याचं घर. खडूच्या तुकड्यांची डबी. गुडघ्याला लावायचा बाम. रिकामा डबा. काळ्या कव्हरचा, बायबलचा छोटा 'नवा करार'. शेवटच्या खणात तो सरकारी लिफाफा. तिने कागद उलगडला आणि बोट ठेवून वाचायला लागली. बाईंनीच शिकवलं होतं तिला, जूनपासून.

"प्र-ति-नि-युक्ती. म्हंजी काय, बाई?"

"म्हणजे सोमवारपासून मी दुसऱ्या शाळेत."

"कामून?"

"कागद आला म्हणून."

काजलच्या आईने चुलीतलं लाकूड मागे ओढलं आणि पहिल्यांदा बाईंकडे नीट पाहिलं. मग आत जाऊन पाण्याचा तांब्या घेऊन आली. काजलने सगळ्या वस्तू परत भरल्या, ज्या त्या खणात, एकही न चुकता. पिशवी बाईंच्या मांडीवर ठेवली.

"म्हणू का मी आता ते वाक्य?" बाईंनी विचारलं.

काजलने विचार केला. "उद्या म्हना," ती म्हणाली. "साळंत. मी आल्यावर."

शनिवारची शाळा सकाळची. मी गॅलरीत चहा न घेता उभी होते. काजल आली, रांगेत शेवटी उभी राहिली. दुसऱ्या वाक्याला चौथीच्या रांगेतून दोन आवाज ऐकू आले, एक बारीक आणि एक जाड. बाकी रांग अजून गप्पच होती. ज्याचं त्याने आणायचं होतं.

साडेअकराच्या गाडीने बाई निघाल्या. ट्रंक टेम्पोने पुढे गेली होती. मी त्यांची छत्री धरून स्टँडपर्यंत सोबत निघाले. भाऊसाहेबांच्या घरापाशी त्या वळल्या. "दोन मिनिटं, ताई. बोलले होते मी."

भाऊसाहेब ओट्यावर बशीतून चहा पीत होते. शाळेतून नुकतीच आलेली श्रावणी दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. बाई अंगणाच्या मधोमध थांबल्या, पिशवी खांद्यालाच, उजवा हात पुढे केला आणि ते एक वाक्य म्हणाल्या. एकच. हात खाली घेतला, नमस्कार केला आणि मागे वळल्या.

भाऊसाहेब बशी हातात धरून बघत राहिले. मग ते नातीकडे वळले, "झालं! म्हनल्या एकदाच्या. श्रावणे, म्हन बरं तूबी. कशी खणखणीत म्हनतीस ती दाखीव बाईंस्नी."

श्रावणीने ओठ घट्ट मिटून घेतले.

"अगं, म्हन की."

तिने मान हलवली. नाही. आणि तिचे डोळे भरून आले.

भाऊसाहेबांनी बशी खाली ठेवली. तिच्याकडे पाहिलं, मग अंगणाबाहेर पाहिलं. "श्रावणे," ते हळू आवाजात म्हणाले, "तू का गं गप?"

मी छत्री घेऊन फाटकाशी उभी होते. बाईंनी ते ऐकलं असणार, पण त्या थांबल्या नाहीत. ठेंगण्या, रुंद, एका खांद्याला झुकलेल्या, रस्त्याच्या कडेकडेने स्टँडकडे चालत गेल्या. श्रावणीकडे बघत मी तिथेच राहिले, छत्री माझ्याच हातात उरली, आणि त्यानंतर त्या मला दिसल्या नाहीत.